फाफ्सा २०२६-२७: या वर्षी काय बदललं, आणि फॉर्म कुठे अडतो

आकडेमोड

अमेरिकेत ज्यांची मुलं हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला किंवा कॉलेजात आहेत त्यांच्यासाठी दरवर्षीसारखा हा धागा. फाफ्सा म्हणजे कॉलेजसाठी संघीय आर्थिक मदत मागायचा फॉर्म. जुन्या धाग्यातली माहिती कृपया इथे आणून चिकटवू नका, त्यातली अर्धी आता लागू नाही.

२०२६-२७ चा फॉर्म २४ सप्टेंबर २०२५ ला खुला झाला. आधीच्या दोन वर्षांच्या मानाने हे नवलच. २०२४-२५ चा फॉर्म डिसेंबरच्या अगदी शेवटी आला, तोही दिवसात थोडा वेळ चालू आणि बाकी वेळ बंद. २०२५-२६ चा सगळ्यांसाठी २१ नोव्हेंबरला उघडला. त्या गोंधळानंतर १ ऑक्टोबर ही तारीख कायद्यातच घातली गेली. संघीय मुदत ३० जून २०२७ पर्यंत आहे, पण तिच्या भरवशावर राहू नका. राज्याची आणि कॉलेजची मुदत कितीतरी आधी संपते.

भरण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा: उत्पन्न दोन वर्षं जुनं, मालमत्ता आजची. उत्पन्न २०२४ च्या टॅक्स रिटर्नचं. बँकेतली शिल्लक, शेअर्स, दुसरं घर यांची किंमत मात्र ज्या दिवशी सही कराल त्या दिवशीची. बरेच जण आत्ताचा पगार धरून आकडेमोड करत बसतात आणि मग निकाल का जुळत नाही म्हणून डोकं खाजवतात.

फॉर्मपुरता बदल असा. विद्यार्थ्याने आईवडिलांना फॉर्ममध्ये बोलवायचं असतं, त्यांना 'काँट्रिब्युटर' म्हणतात. पूर्वी त्यांचं नाव, जन्मतारीख, एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर), पत्ता हे सगळं विद्यार्थ्याला तंतोतंत टाकावं लागे आणि एक अक्षर चुकलं तरी आमंत्रण लटकायचं. आता नुसता ईमेल पुरतो. स्टुडंटएड डॉट गव्हचं नवं खातं उघडल्यावर एसएसएनची पडताळणीही लगेच होते. आधी एक ते तीन दिवस थांबावं लागायचं.

आईवडिलांनी २०२४ चं रिटर्न एकत्र भरलं असेल आणि आजही ते एकत्र असतील तर दोघांपैकी एकच काँट्रिब्युटर पुरतो. वेगवेगळं भरलं असेल तर दोघंही लागतात. ज्याला ज्याला बोलावलंय त्या प्रत्येकाने आयआरएसकडून (अमेरिकेच्या कर खात्याकडून) माहिती घ्यायला संमती द्यायची असते, आणि ही संमती दरवर्षी नव्याने द्यावी लागते. गेल्या वर्षी दिली होती म्हणून या वर्षी चालत नाही. एकाची जरी राहिली तरी एसएआय (स्टुडंट एड इंडेक्स, म्हणजे मदत ठरवणारा आकडा; तो जितका मोठा तितकी मदत कमी) निघत नाही आणि संघीय मदत शून्य. रिटर्न भरलंच नसेल तरीही संमती द्यायचीच.

कायद्यातले मोठे बदल वेगळे आहेत. ४ जुलै २०२५ ला सही झालेल्या कायद्यातले, बहुतेक १ जुलै २०२६ पासून लागू. त्यावर खाली एकेक बोलू.

कोथरूड_ते_एडिसन

पुण्यात फ्लॅट असेल, गावाकडे शेती असेल तर ती दाखवायची का? इथे प्रत्येक जण वेगळं सांगतो. एक म्हणतो अमेरिकेबाहेरचं काही विचारतच नाहीत.

पाटीपेन्सिल

तसं सांगणाऱ्याला आधी थांबवा. फाफ्सात मालमत्ता कुठल्या देशात आहे याला काही अर्थ नाही. तुम्ही स्वतः राहता ते घर वगळायचं. बाकी सगळी स्थावर मालमत्ता गुंतवणूक म्हणून धरायची, मग ती एडिसनला असो की कोथरूडला. भाडं येत असो वा कुलूप लावून पडलेली असो.

किंमत कशी काढायची: आजचा बाजारभाव, वजा त्याच मालमत्तेवर काढलेलं कर्ज. मालकी सामायिक असेल तर फक्त आपला वाटा. समजा फ्लॅट १ कोटी २० लाखांचा, त्यावर ३० लाखांचं गृहकर्ज बाकी, आणि इंडेक्स टूवर भावाचं नाव निम्म्याला. तर (१२० – ३०) ÷ २ = ४५ लाख. सहीच्या दिवशीचा विनिमय दर ८८ रुपये असेल तर ५१,१३६ डॉलर. सूत्र पालकांच्या मालमत्तेतले १२ टक्के उत्पन्नासारखे धरतं, आणि त्यावर जास्तीत जास्त ४७ टक्के लावतं. म्हणजे ६,१३६ चे ४७ टक्के, २,८८४ डॉलर. त्या फ्लॅटमुळे एसएआय जास्तीत जास्त एवढा वाढेल. ५१ हजाराने नाही. लोक घाबरतात ते हा फरक न कळल्यामुळे.

पूर्वी पालकांच्या वयानुसार काही रक्कम मालमत्तेतून सुटायची. ती सवलत घटत घटत शून्यावर आली आहे, त्यामुळे पहिल्या डॉलरपासून मोजणी होते.

शेतीबद्दल: २०२४-२५ पासून शेतजमीन आणि छोटा धंदा यांची किंमत मोजायला लागले होते. नव्या कायद्याने २०२६-२७ पासून ती सूट परत दिली. पण शेतीसाठी अट अशी, की कुटुंब त्या शेतावर राहत असलं पाहिजे. तुम्ही न्यू जर्सीत आणि ऊस साताऱ्यात, तर ही सूट नाही. तुमच्या नावावर असलेला वाटा दाखवायचा. वडील हयात आहेत आणि जमीन त्यांच्या स्वतःच्या मालकीची आहे, तर ती अजून तुमची नाही, ती दाखवायची नाही. 'पुढेमागे मिळणार आहे' याला फाफ्सात रकाना नाही.

दहिवर

धंद्याची सूट कोणाला?

पाटीपेन्सिल

कुटुंबाची मालकी आणि ताबा असलेला, पूर्णवेळ कर्मचारी शंभर किंवा त्याहून कमी असलेला धंदा. किराणा दुकान, दंतवैद्याचा दवाखाना, आयटी कन्सल्टिंगची छोटी कंपनी हे त्यात बसतं. भाड्याने दिलेली दोन घरं एका एलएलसीत टाकली म्हणून तो धंदा होत नाही, ती गुंतवणूकच. ही पळवाट दरवर्षी कोणीतरी सुचवतं, म्हणून आधीच लिहून ठेवतो.

गोदाकाठ

भारतातल्या बाकी गोष्टींची यादी कोणी देईल का? एनआरई, एफडी, एलआयसी, सोनं.

आकडेमोड

एनआरई, एनआरओ, एफडी, म्युच्युअल फंड, डीमॅटमधले शेअर्स: सगळं दाखवायचं. भारतात एनआरईचं व्याज करमुक्त असलं तरी अमेरिकेत ते करपात्र आहे, त्यामुळे ते १०४० मध्ये (अमेरिकेच्या टॅक्स रिटर्नच्या फॉर्ममध्ये) असायलाच हवं. एलआयसीची पॉलिसी: आयुर्विम्याचं मूल्य फाफ्सात मोजत नाहीत. अंगावरचे दागिने ही घरगुती वस्तू, त्याही नाहीत.

आता एक बारकावा, जो जवळजवळ कुणी सांगत नाही. पालकांचं एजीआय (रिटर्नवरचं समायोजित एकूण उत्पन्न) ६०,००० च्या खाली असेल आणि त्यांनी रिटर्नला जोडायच्या शेड्यूल ए, बी, डी, ई, एफ, एच यांपैकी काही भरलेलं नसेल (सी असल्यास नफा-तोटा १०,००० च्या आत), तर मालमत्तेचा प्रश्नच सुटतो. पण परदेशात बँक खातं असेल तर त्याची कबुली शेड्यूल बीच्या तिसऱ्या भागात द्यावी लागते. म्हणजे गावच्या बँकेत दहा हजार रुपये पडलेलं एक जुनं बचत खातं, आणि त्यापायी शेड्यूल बी, आणि त्यापायी ही सवलत गेली. म्हणून बी गाळायचं असं अजिबात नाही, ते बेकायदेशीर आहे. खातं खरंच निरुपयोगी असेल तर ते बंद करा. पण त्याचा उपयोग पुढच्या रिटर्नपासून, म्हणजे दोन वर्षांनंतरच्या फाफ्साला.

कोथरूड_ते_एडिसन

हे माहीत नव्हतं. आजी-आजोबा पैसे पाठवतात त्याचं काय?

आकडेमोड

आजोबांनी मुलाची फी भरली किंवा रोख दिली तर पूर्वी ते मुलाचं उत्पन्न धरायचे. तो प्रश्न २०२४-२५ पासून काढला. आजी-आजोबांच्या नावे असलेल्या ५२९ (शिक्षणासाठीचं करसवलतीचं बचत खातं) मधून काढलेले पैसेही विचारत नाहीत. पालकांच्या ५२९ चं म्हणाल तर ज्या मुलाचा फॉर्म आहे त्याच्याच नावचं खातं दाखवायचं, भावंडाचं नाही. मात्र आजोबांनी दिलेली रक्कम सहीच्या दिवशी मुलाच्या बचत खात्यात पडून असेल तर ती मुलाची मालमत्ता. तिचे २० टक्के धरतात. दहा हजारांवर २,०००. तेच पैसे पालकांच्या खात्यात असते तर जास्तीत जास्त ५६४.

यूटीएमए खातंही (अल्पवयीन मुलाच्या नावे मोठ्यांनी सांभाळायचं खातं) मुलाचंच, २० टक्क्यांत. ते पैसे पालकांना काढून घेता येत नाहीत, कारण ते कायद्याने मुलाचे आहेत. पण ते कस्टोडियल ५२९ मध्ये वळवता येतात, आणि पालकांवर अवलंबून असलेल्या मुलाचं ५२९ पालकांच्या मालमत्तेत मोजतात. विकताना भांडवली नफ्यावर कर बसेल, तेवढं आधी तपासा.

आणि घरात माणसं किती, हा आकडा आता आपोआप रिटर्नवरून येतो. आजी-आजोबा कायमचे तुमच्याकडे राहत असतील आणि निम्म्याहून जास्त खर्च तुम्ही करत असाल तर बदल करून त्यांना मोजता येतं. सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर आले असतील तर नाही.

खर्डा

दोन मुलं एकाच वेळी कॉलेजात असतील तर? जुन्या सूत्रात भागाकार व्हायचा.

पाटीपेन्सिल

तो गेला, २०२४-२५ पासूनच. जुन्या पद्धतीत पालकांचा वाटा २४,००० निघाला की दोघांत बारा-बारा व्हायचा. आता प्रत्येकाला २४,०००. मुलं किती कॉलेजात हा प्रश्न फॉर्मवर अजून आहे, पण संघीय सूत्रात त्याचा उपयोग होत नाही. मुलांमध्ये दोन-तीन वर्षांचं अंतर असलेल्या मध्यमवर्गीय घरांना या एका बदलाने जितकं मारलं तितकं दुसऱ्या कशाने नाही, असं माझं मत. कॉलेजकडे दाद मागता येते. त्यांना स्वतःच्या पैशातून द्यायची मुभा आहे, आणि सीएसएस प्रोफाइल (फाफ्साखेरीज मदतीसाठी भरायचा वेगळा फॉर्म) वापरणारी बरीच खासगी कॉलेजं अजूनही भावंडं धरतात.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर सगळं रडगाणंच वाटेल. पूर्वी ४०१(के) मध्ये (नोकरीतल्या निवृत्ती खात्यात) पगारातून जाणारी रक्कम उत्पन्नात परत मिळवायचे. आता नाही. एचएसएचंही (वैद्यकीय खर्चासाठीचं बचत खातं) नाही. दोघं नोकरी करणारे आणि दोघं पूर्ण ४०१(के) भरणारे असतील तर हा फरक चांगला मोठा आहे.

सहामाही

४०१(के) निघालंच आहे तर रोलओव्हरबद्दल (एका निवृत्ती खात्यातून दुसऱ्यात पैसे हलवण्याबद्दल) लिहा कोणीतरी. दरवर्षी किमान दहा जण त्यात आपटतात.

आकडेमोड

हो, हे सावकाश वाचा.

२०२४ मध्ये नोकरी बदलली आणि जुन्या कंपनीचं ४०१(के) नव्या ठिकाणी किंवा आयआरएमध्ये (स्वतःच्या निवृत्ती खात्यात) हलवलं असं समजा. १०४० च्या ओळ ५ए वर ८४,०००, ओळ ५बी वर ०, आणि शेजारी 'रोलओव्हर' शब्द. कर शून्य, सगळं ठीक. आयआरएसकडून फाफ्सात हे आकडे आपसूक येतात, पण तो शेजारचा शब्द येत नाही. ५ए वजा ५बी म्हणजे ८४,००० हे 'करमुक्त पेन्शन' म्हणून तुमच्या उत्पन्नात मिळवलं जातं. ते वगळण्यासाठी पालकांच्या भागात रोलओव्हर किती होतं हे वेगळं विचारतात. आयआरए खात्यासाठी एक रकाना, पेन्शनसाठी दुसरा. ४०१(के) चं पेन्शनच्या रकान्यात, ८४,०००. लोक 'आपण कुठे पेन्शन घेतो' म्हणून शून्य टाकतात. वरच्या टप्प्यातल्या कुटुंबाचा एसएआय त्या एका शून्याने ३९,००० च्या वर चढतो.

आधीच चुकलं असेल तर फॉर्म दुरुस्त करता येतो. १०९९-आर (निवृत्ती खात्यातून पैसे निघाल्याचा कागद) हाताशी ठेवा. चौकट ७ मध्ये 'जी' असेल तर तो थेट रोलओव्हर. कॉलेज पुरावा म्हणून तेच मागतं.

गोदाकाठ

दोघांचा पगार चांगला असेल तर पेल ग्रँट (परत न करायचं संघीय अनुदान) मिळणार नाहीच. मग हा सगळा खटाटोप कशाला?

खर्डा

पेलपुरतं बरोबर. कमाल पेल २०२६-२७ साठी ७,३९५ आणि किमान ७४०. या वर्षीपासून नवी रेघ: एसएआय कमाल पेलच्या दुप्पट म्हणजे १४,७९० किंवा त्याहून जास्त असेल तर पेल अजिबात नाही. पूर्वी घरात माणसं जास्त असली की एजीआयच्या हिशेबाने एसएआय मोठा असूनही किमान पेल मिळून जायचं. भरपूर मालमत्ता पण कागदावर उत्पन्न कमी अशा घरांसाठी ही रेघ आहे. शिवाय परदेशात कमावलेलं आणि फॉर्म २५५५ ने करातून वगळलेलं उत्पन्न आता पेलच्या पात्रतेत मिळवतात. दोन वर्षं पुण्याच्या ऑफिसात जाऊन आलेल्यांनी हे ध्यानात घ्यावं.

पण फाफ्सा भरायचा तो मुलाच्या कर्जासाठी. अनसबसिडाइज्ड कर्जाला (शिकत असतानाही व्याज चढतं असं कर्ज) गरज दाखवावी लागत नाही, पालकांची सही लागत नाही, क्रेडिट बघत नाहीत. पहिल्या वर्षी ५,५००, दुसऱ्या ६,५००, पुढे ७,५००, एकूण ३१,०००. काही कॉलेजं गुणवत्तेच्या शिष्यवृत्तीलाही फाफ्सा मागतात. आणि मधेच नोकरी गेली तर फॉर्म आधीच जागेवर असला पाहिजे.

व्याजदर दरवर्षी मे महिन्यातल्या दहा वर्षांच्या सरकारी रोख्यांच्या लिलावावर ठरतो: त्यावर पदवीसाठी २.०५ टक्के, पदव्युत्तरसाठी ३.६, प्लससाठी (पालकांनी किंवा पदव्युत्तर विद्यार्थ्याने घ्यायचं वेगळं संघीय कर्ज) ४.६. २०२५-२६ मध्ये ते ६.३९, ७.९४ आणि ८.९४ झाले. एकदा उचललेल्या कर्जाचा दर शेवटपर्यंत तोच. पुढच्या वर्षीच्या कर्जाला पुढच्या वर्षीचा. शुल्क आधीच कापून घेतात, १.०५७ टक्के. त्यामुळे ५,५०० मंजूर झाले तरी फीच्या खात्यावर ५८ डॉलर कमी दिसतात. ती चूक नसते.

१ जुलै २०२६ पासून आणखी एक कात्री: पूर्णवेळ नसाल तर वार्षिक कर्जमर्यादा त्या प्रमाणात कमी. वर्षाला २४ क्रेडिट पूर्णवेळ असताना १८ घेतले तर ७५ टक्के, म्हणजे ५,५०० चे ४,१२५. सत्राच्या मध्यात एक विषय सोडण्यापूर्वी हा हिशेब करा.

दहिवर

आणि पेरेंट प्लस? कॉलेजच्या खर्चाएवढं पूर्ण मिळायचं ना?

खर्डा

मिळायचं. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना एका मुलामागे वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,०००. शेजारच्या राज्यातल्या विद्यापीठाचा वर्षाचा एकूण खर्च ६०,००० धरला, मुलाचं कर्ज ५,५०० आणि पालकांचं २०,००० वजा केलं, तर ३४,५०० उरतात. ते एकतर खिशातून, नाहीतर खासगी कर्जातून. ६५,००० म्हणजे चार वर्षं पूर्ण २०,००० सुद्धा मिळत नाहीत, चौथ्या वर्षाला फक्त ५,००० उरतात. प्लसचं शुल्क ४.२२८ टक्के, २०,००० वर साधारण ८४६ डॉलर. हे धरून चौथ्या वर्षाचा हिशेब पहिल्याच वर्षी मांडा.

मूल आधीच शिकत असेल आणि त्या अभ्यासक्रमासाठी १ जुलै २०२६ पूर्वी कर्ज उचललं असेल तर जुन्या मर्यादा चालू राहतात: तीन वर्षं किंवा अभ्यासक्रमाचा उरलेला काळ, जो कमी असेल तो. मध्येच अभ्यासक्रम बदलायचा विचार असेल तर आधी कॉलेजला विचारा.

पदव्युत्तरसाठी ग्रॅड प्लस नव्या कर्जदारांना बंद. एमएस, एमबीए यांना वर्षाला २०,५००, एकूण एक लाख. वैद्यकीय, दंतवैद्यक, कायदा अशा व्यावसायिक पदव्यांना ५०,००० आणि एकूण दोन लाख. एमडीचा वर्षाचा खर्च पन्नास हजारांत कुठे बसतो हे ज्याचं त्याने बघावं.

नदीपलीकडे

एच-१बी वाल्यांसाठी वेगळा परिच्छेद हवा.

पाटीपेन्सिल

लिहितो. पात्रता मुलाच्या दर्जावर ठरते, आईवडिलांच्या नाही. इथे जन्मलेलं मूल अमेरिकन नागरिक आहे. आईवडील एच-१बी (नोकरीचा व्हिसा) आणि एच-४ (त्याच्या कुटुंबाचा व्हिसा) वर असले तरी त्याला फाफ्सा, पेल, कर्ज सगळं खुलं. भारतात जन्मलेलं, एच-४ वरचं मूल पात्र नाही. ग्रीन कार्डचा अर्ज पडून आहे, आय-४८५ भरलाय, एवढ्याने भागत नाही, मंजुरी हवी. सत्र चालू असताना मंजुरी आली तर वर्ष संपायची वाट बघू नका, लगेच फॉर्म भरा आणि कॉलेजला कळवा. एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वरच्यांचा या धाग्याशी संबंध नाही.

एच-४ वरच्या आईकडे एसएसएन नसेल तरी तिला खातं उघडता येतं. तिला आयआरएसचे आकडे आपोआप येणार नाहीत, हाताने भरावे लागतील. १०४० समोर ठेवा, एजीआय ओळ ११ वर आहे. मात्र एकत्र रिटर्न असेल तर ज्याच्याकडे एसएसएन आहे त्यानेच काँट्रिब्युटर व्हावं. कटकट निम्मी.

पेरेंट प्लस घ्यायला पालक स्वतः नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक लागतात. एच-१बी पालकाला ते मिळत नाही. पण त्याच कारणाने कॉलेज मुलाला जादा अनसबसिडाइज्ड कर्ज देऊ शकतं: पहिली दोन वर्षं आणखी ४,०००, पुढे ५,०००. हे आपोआप होत नाही. ऑफिसला लिहून कळवावं लागतं की पालक नागरिकत्वाच्या अटीमुळे प्लसला अपात्र आहेत. काउंटरवरच्या माणसाने 'आधी प्लसचा अर्ज करून नकार आणा' म्हटलं तर वरच्या अधिकाऱ्याकडे जा. हा नकार क्रेडिटचा नाही, नागरिकत्वाचा आहे.

सहामाही

नावांचा घोळ राहिला. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं. पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये दोन्ही नावं एकत्र छापलेली, सोशल सिक्युरिटी कार्डवर एकच. किंवा आईचं कार्ड माहेरच्या नावावर आणि रिटर्न सासरच्या.

पाटीपेन्सिल

नियम एकच: खात्यावरचं नाव सोशल सिक्युरिटी कार्डवर आहे तसंच. पासपोर्ट, लायसन्स, ग्रीन कार्ड काहीही म्हणो. कार्डवरचंच चुकीचं असेल तर आधी फॉर्म एसएस-५ भरून ते बदलून घ्या, मग फाफ्साकडे वळा. उलट क्रमाने केलं की दोन्हीकडे अडकता.

याचाच भाऊबंद म्हणजे नागरिकत्वाची नोंद. मूल लहान असताना ग्रीन कार्डवर एसएसएन काढला, पुढे आईवडील नागरिक झाले तेव्हा अठराच्या आतलं मूलही आपोआप नागरिक झालं, पासपोर्टही काढला. पण सोशल सिक्युरिटीला कोणी कळवलं नाही. त्यांच्या लेखी ते अजून परदेशी. फाफ्सात 'नागरिक' टाकलं की ताळा जुळत नाही आणि सबमिशन समरीवर नागरिकत्वाचा पुरावा मागणारी टीप येते. अर्ज बाद झालेला नसतो. अमेरिकन पासपोर्ट किंवा नागरिकत्वाचं प्रमाणपत्र कॉलेजच्या ऑफिसला दाखवा. आणि सोशल सिक्युरिटीत एकदाच जाऊन नोंद सुधारा, नाहीतर कॉलेज बदललं की पुन्हा तेच.

नदीपलीकडे

२०२४ मध्ये पगार होता, २०२५ मध्ये ले-ऑफ. फॉर्ममध्ये कुठे लिहायचं?

आकडेमोड

फॉर्ममध्ये कुठेच नाही. फॉर्म २०२४ च्या आकड्यांनीच भरायचा. नंतर प्रत्येक कॉलेजला वेगळं लिहायचं, याला 'प्रोफेशनल जजमेंट' म्हणतात. आर्थिक मदत अधिकाऱ्याला आकडे बदलायचा अधिकार आहे. सरसकट सगळ्यांना नकार द्यायचं धोरण कॉलेजला ठेवता येत नाही. पण निर्णय त्यांचाच, शिक्षण खात्याकडे अपील नाही.

पत्र एका पानाचं असू द्या. नोकरी गेल्याची तारीख, सेव्हरन्स किती आणि कधीपर्यंत, बेरोजगारी भत्ता, पुढच्या बारा महिन्यांचं अपेक्षित उत्पन्न आकड्यात. सोबत टर्मिनेशनचं पत्र, शेवटची पे-स्लिप, भत्त्याचा कागद. घराचा हप्ता, गाडीचा हप्ता, भारतातल्या लग्नाचा खर्च यांची कैफियत मांडू नका, तिला वजन नाही. विम्याने न भरलेला मोठा वैद्यकीय खर्च मात्र जरूर लिहा. सेव्हरन्स लपवू नका. ते डब्ल्यू-२ वर (कंपनीने द्यायच्या वर्षाच्या पगाराच्या कागदावर) येतंच.

गोदाकाठ

व्हेरिफिकेशनला निवड झाली तर काहीतरी चुकलं असं समजायचं का?

पाटीपेन्सिल

नाही. काही निवड यंत्रणेच्या निकषांवर होते, काही नुसती चिठ्ठी. व्ही-१ असेल तर उत्पन्न आणि कुटुंबातली माणसं तपासतात. आयआरएसकडून थेट आलेले आकडे पुन्हा सिद्ध करावे लागत नाहीत. व्ही-४ असेल तर ओळख: सरकारी ओळखपत्र घेऊन विद्यार्थ्याने ऑफिसात किंवा थेट व्हिडिओवर हजर व्हायचं, नाहीतर नोटरी. खोट्या नावाने मदत उचलणाऱ्या टोळ्यांमुळे ओळखीची तपासणी कडक झाली आहे. दोन्ही एकत्र म्हणजे व्ही-५. पत्र कॉलेजच्या पोर्टलवर येतं आणि मुलं ते पोर्टल उघडत नाहीत, खरी अडचण एवढीच.

खर्डा

सीएसएस प्रोफाइलबद्दल दोन ओळी. तो कॉलेज बोर्डाचा, सशुल्क. राहतं घर, पूर्ण धंदा, ४०१(के) मधली शिल्लक असं फाफ्सा न विचारणारं बरंच विचारतो. फाफ्सात वगळलं म्हणून तिथे वगळू नका, आणि तिथे विचारलं म्हणून फाफ्सात आणून भरू नका. दोन्ही फॉर्म शेजारी ठेवून भरणाऱ्यांच्या हातून ही चूक हमखास होते.

कोथरूड_ते_एडिसन

राज्यांच्या तारखा?

सहामाही

कॅलिफोर्नियात कॅल ग्रँटसाठी २ मार्च. न्यू जर्सीत आधीपासून टॅग (राज्याचं फीसाठीचं अनुदान) घेणाऱ्यांना १५ एप्रिल, नव्यांना १५ सप्टेंबर. इलिनॉयमध्ये पैसे संपेपर्यंत. कॉलेजची स्वतःची प्राधान्य तारीख याहून आधीची असू शकते, ती बघा. फॉर्मवर वीस कॉलेजं टाकता येतात, त्यामुळे 'ठरल्यावर भरू' म्हणून थांबू नका. ज्या कॉलेजात अर्ज करायची शक्यता आहे ते सगळे कोड टाका, एकाला दुसऱ्याचं नाव दिसत नाही.

दहिवर

फॉर्म भरला, दोघांच्या सह्या झाल्या, तरी स्टेटस 'इन प्रोग्रेस' दिसत असेल तर?

आकडेमोड

बहुतेक वेळा पालकाने आपला भाग भरून 'सेव्ह' केलेलं असतं, सही करून पुढे पाठवलेलं नसतं. पालकाने आपल्या खात्यातून आत जाऊन शेवटच्या पानापर्यंत जायचं. मुलाच्या खात्यातून पालकाची सही होत नाही. आणि मुलाचं खातं शाळेच्या ईमेलवर उघडलं असेल तर आजच बदला. जूनमध्ये शाळा तो पत्ता बंद करते आणि पासवर्ड बदलायचा कोड तिथेच जात राहतो.